चार घरं, दुसरं ठ, शेवटचं ण

परवा शब्दकोडं रचताना माझ्या नऊ बाय नऊच्या जाळीत उजवीकडचा कोपरा अडला. आडवी चार घरं उरली होती. दुसऱ्यात वरून उतरलेला ‘ठ’, चौथ्यात ‘ण’, पहिलं आणि तिसरं रिकामं. ‘आठवण’ सुचलं आणि मी ते शाईने लिहूनही टाकलं. मग दिसलं की पहिल्या घरातून खाली जाणारा शब्द ‘_ व ली’ असा आहे, आणि तिथे ‘आ’ बसवून काही होत नाही. रबर शाईवर चालत नाही, त्यामुळे जाळी नव्याने आखली. ‘सावली’ घेतली तर आडवं ‘साठवण’ होतं, ‘पावली’ घेतली तर ‘पाठवण’. मी पावली घेतली. जुन्या नाण्यावर सूत्र, म्हणजे शब्द ओळखायची ओळ, लिहायला मजा येते.

असे शब्द डोक्यातून कसे काढायचे आणि डोकं चालेनासं झालं की यादीतून कसे काढायचे, ते लिहिते आहे. कोडं सोडवणाऱ्यालाही हे चालेल, रचणाऱ्यालाही. मी आयुष्यभर मुद्रितं तपासली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घावर माझा जरा जास्तच जीव आहे. तेवढं सांभाळून घ्या.

एक घर म्हणजे काय

पहिलं छापील शब्दकोडं २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात आलं. आर्थर विन नावाच्या गृहस्थाने ते रचलं होतं. ते इंग्रजी होतं, म्हणून त्याच्यासमोर प्रश्नच नव्हता: एक अक्षर, एक चौकट. आपल्याकडे पहिल्याच पायरीला ठेच लागते.

कोड्याच्या जाळीत ‘पुस्तक’ तीन घरांत बसतं: पु, स्त, क. मी पहिल्यांदा संगणकाला विचारलं तेव्हा त्याने सहा सांगितले. त्याचं चुकलं नव्हतं. तो प, उकार, स, पायमोड (अक्षर अर्धं करणारी खूण), त, क अशी एकेक कळ मोजतो. ‘विद्यार्थी’ आपल्याला तीन घरांचा, त्याला दहा कळांचा. ‘स्वातंत्र्य’ तीन घरांचं आणि अकरा कळांचं. ‘कार्त्स्न्य’ हा संस्कृतातून आलेला शब्दही अकराच कळांचा, पण बसतो दोन घरांत. दुसऱ्या घरात बिचारे पाच व्यंजन एकमेकांच्या मांडीवर.

याचा व्यवहारात त्रास कसा होतो ते बघा. एक्सेलमध्ये शब्दांची यादी टाकून मी ‘लांबी सहा’ असं गाळायला सांगितलं. समोर स्त्री, पुस्तक आणि करमणूक एका रांगेत आले. पहिला एका घराचा, दुसरा तीन घरांचा, तिसरा पाच घरांचा. तिघांच्याही कळा सहाच. त्या दिवशी एक गोष्ट पक्की झाली: मराठी शब्द शोधायचा तर आधी त्याचे घरांप्रमाणे तुकडे पाडून ठेवायचे. पुढची सगळी युक्ती याच एका गोष्टीवर उभी आहे.

तुकडे पाडायचे नियम थोडेच आहेत. जोडाक्षर एकाच घरात. अर्धा वर्ण नेहमी पुढच्याच्या घरी राहायला जातो. ‘विद्यार्थी’ म्हणताना र् मागच्या ‘द्या’ला चिकटल्यासारखा ऐकू येतो, पण लिहिताना तो ‘थी’च्या डोक्यावर बसतो, कोड्यात लिहिण्याचं ऐकायचं. अनुस्वार आणि विसर्ग ज्याचे त्याच्याकडे, म्हणून ‘दुःख’ दोन घरांचं. सुटा स्वर आला की नवं घर: ‘आई’ दोन, ‘पाऊस’ तीन. ‘कौल’ मात्र दोनच, कारण तिथे औ काना-मात्रेच्या रूपात क वर बसला आहे.

यंत्राआधी पेन्सिल

भाचीने मला संगणकावर शोधायला शिकवलं त्याआधी वीसेक वर्षं माझ्याकडे एक दोनशे पानी वही होती. त्यात शब्द शेवटच्या अक्षरानुसार लिहिलेले होते. छापील शब्दकोशाची अडचण ही की तो पहिल्या अक्षराने उघडतो आणि कोडं बहुतेक वेळा शेवटचं अक्षर हातात देतं. ती वही आता सुटी झाली आहे, पण तिने लावलेली सवय सुटली नाही: रिकाम्या घराकडे बघून आधी व्याकरण विचारायचं.

शेवटच्या घरापासून सुरुवात करा. आपल्या शुद्धलेखनात शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ असतो. कवी, गती, लाडू, विंचू, कुंकू. संस्कृतात ऱ्हस्व असलेला ‘कवि’देखील मराठीत आला की दीर्घ होतो. अपवाद बोटांवर मोजण्याइतके: आणि, नि, आणि परंतु, तथापि यांसारखी संस्कृत अव्ययं. म्हणजे उभ्या शब्दाने आडव्याच्या शेवटच्या घरात ‘ति’ किंवा ‘तु’ आणून ठेवला, तर दोनच शक्यता. एक तर उत्तर या अपवादांतलं आहे, नाहीतर उभा शब्द चुकला आहे. माझ्या अनुभवात दुसरीच शक्यता जास्त वेळा खरी ठरते.

मग उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरं घर. इथे खरी मेजवानी आहे. शब्दाच्या शेवटी ‘अ’ असेल (म्हणजे शेवटच्या घरात काना-मात्रा नसलेलं अक्षर) तर त्याच्या आधीचा इकार-उकार मराठी शब्दात दीर्घ असतो: गरीब, वकील, जमीन, कठीण, तूप, फूल. शेवटचं अक्षर दीर्घ झालं की तोच ऱ्हस्व होतो: गरिबी, वकिली, फुले. जसेच्या तसे संस्कृतातून घेतलेले शब्द मात्र मूळ रूप सोडत नाहीत, म्हणून गणित, पंडित, मंदिर, मधुर, कुसुम.

आता याचा उपयोग. समजा तीन घरं आहेत, मधल्यात ‘की’ आलाय. पाटी लगेच स्वच्छ होते: वकील, हकीम या वळणाचं काहीतरी. मधल्यात ‘णि’ आला आणि शेवटचं घर बिनकान्याचं असलं, तर फारशी, देशी, बोलीतले शब्द बाजूला ठेवून थेट संस्कृताच्या कपाटात हात घालायचा. ‘गणित’ तिथेच ठेवलेलं असतं. सूत्र न वाचता, फक्त एका वेलांटीवरून शब्दाचं कूळ कळतं. सोडवणारे बहुतेक जण हे वापरत नाहीत, आणि मग ‘वकिल’ लिहून आडवं-उभं जुळत नाही म्हणून रचणाऱ्याला दोष देतात.

समासातही अशीच खूण आहे. ‘बुद्धी’ एकटी असताना दीर्घ, पण ‘बुद्धिबळ’, ‘कविराज’ यांत ऱ्हस्व. उलट ‘लक्ष्मीपुत्र’, ‘वधूवर’ यांत मूळचंच दीर्घ, म्हणून दीर्घच. तेव्हा दुसऱ्या घरात ‘द्धि’ असेल तर शब्द तिथे संपत नाही, पुढे चालला आहे.

तिसरी गोष्ट प्रत्यय. सूत्र वाचून कळतं की नाम हवंय की विशेषण. मग शेपूट आधी लिहून टाकायची आणि उरलेली घरं मोजायची. ‘णूक’ हा माझा लाडका. निवडणूक, वागणूक, फसवणूक, मिरवणूक, पिळवणूक, करमणूक: शेवटच्या दोन घरांत ‘णू-क’ ठेवलं की पुढचं धातूवर सोपवता येतं. विशेषण आणि तेही माणसाच्या स्वभावाचं असेल तर ‘ळू’ करून बघा: दयाळू, लाजाळू, झोपाळू, कनवाळू. ‘ऊ’ सुटा आला तर टिकाऊ, दिखाऊ, विकाऊ, जळाऊ. त्याशिवाय की (माणुसकी), गिरी (कामगिरी), खोर (भांडखोर), दार (वजनदार), वट (सजावट), पणा. शेवटी ‘णे’ आलं तर दहातले नऊ वेळा क्रियापद, उरलेल्या एका वेळी नाणे, गाणे, लेणे किंवा चांदणे. सूत्र कसं संपतं तेही बघा. ‘करणारा’वर संपलं तर उत्तर पुल्लिंगी एकवचनी, ‘वस्तू’ असं अनेकवचन वाटलं तर शेवटी एकार किंवा याकार शोधा.

रचणाऱ्यांसाठी एक जास्तीची टीप. मराठीत ‘ळ’ने शब्द सुरू होत नाही, ‘ण’नेही नाही. भेंड्या खेळताना ‘ळ’ आला की आपण गुपचूप ‘ल’ घेतो, पण जाळीत ती सोय नाही. म्हणून ज्या घराच्या डावीकडे किंवा वर काळी चौकट आहे आणि तिथून नवा शब्द सुरू होतो, त्या घरात हे दोघे येऊ द्यायचे नाहीत. माझी जाळी अडते तेव्हा निम्म्या वेळा कारण हेच असतं: वर कुठेतरी मी ‘पाऊस’च्या जागी ‘आभाळ’ घातलेलं असतं आणि त्याचा ‘ळ’ पुढच्या शब्दाच्या दारात येऊन उभा राहतो.

यादी कुठून आणायची

पेन्सिलीने नाहीच झालं तर यादी. तीन ठिकाणं मी वापरली आहेत.

लिब्रेऑफिससाठी मराठी शुद्धलेखन तपासायचं एक्स्टेंशन मिळतं. ते म्हणजे एक झिप फाइलच असते. उघडली की आत शब्दांची साधी मजकुराची फाइल सापडते. तिच्या पहिल्या ओळीत एक आकडा असतो, तो काढून टाकायचा. काही शब्दांपुढे तिरकी रेघ आणि काही खुणा असतात, त्या तपासनिसाच्या कामाच्या, आपल्या नाहीत. तिरक्या रेघेपासून ओळीच्या शेवटापर्यंत सगळं पुसायचं.

दुसरं ठिकाण जुने कोश. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर वाचता येतात. पावली, कणगी, वाकळ यांसारखे शब्द तिथे भरपूर. पण सावध. ते कोश आजच्या लेखननियमांच्या आधीचे आहेत. त्यात ‘गांव’, ‘नांव’, ‘पांच’, ‘करणें’ असे उच्चारात नसलेले अनुस्वार भेटतील. आजच्या जाळीत ‘गां’ आणि ‘गा’ ही वेगळी घरं, त्यामुळे तिथून उचललेला प्रत्येक शब्द आजच्या लेखनात आणूनच यादीत घ्यायचा.

तिसरं, स्वतःच जमवलेले शब्द. वाचताना भेटलेला शब्द त्याच दिवशी यादीत. माझ्या यादीचा हा भाग सगळ्यात लहान आणि सगळ्यात उपयोगी आहे. तयार याद्यांत कोड्याला लागणारे जिभेवरचे शब्द, म्हणजे ‘लगबग’, ‘चुणचुणीत’, ‘रेंगाळणे’, असतीलच असं नाही.

चालू मजकुरातून, लेखांमधून शब्द काढू नका असं माझं मत आहे. घराला, घराचा, घरातून, घरांमधल्या अशी एकाच शब्दाची दहा रूपं येतात आणि गाळण्यात संध्याकाळ जाते.

शब्द कापणे

आता मुख्य काम. त्यासाठी असा मजकूर-संपादक हवा ज्याच्या ‘शोधा आणि बदला’मध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनची, म्हणजे खुणांनी शब्दाचा साचा सांगून शोधण्याची, सोय आहे. मी नोटपॅड प्लस प्लस वापरते. फाइल यूटीएफ-८ म्हणून जतन केलेली हवी आणि एका ओळीत एकच शब्द.

भाचीने पहिल्यांदा मला एक लांबलचक शोधसूत्र लिहून दिलं होतं. त्यात ‘मागे पायमोड नसेल तर’ वगैरे अटी होत्या. मी म्हटलं, “अगं, मला हे उद्या आठवणार आहे का?” तिने जरा विचार केला आणि म्हणाली, “मग मावशी, आधी सगळीकडे कापू आणि चुकून कापलेलं परत जोडू.” ही तिची दोन पावलं:

पहिलं पाऊल. शोधा: ([अ-हॲ])  बदला: -$1

दुसरं पाऊल. शोधा: ्-  बदला: ्

पहिल्या पावलाने प्रत्येक स्वराच्या आणि व्यंजनाच्या आधी एक छोटी आडवी रेघ पडते. युनिकोडच्या, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या, तक्त्यात अ पासून ह पर्यंत सगळे स्वर आणि व्यंजनं ओळीने लागलेले आहेत, ळ आणि ऱ सकट, म्हणून ‘अ-ह’ एवढं पुरतं. ॲ तेवढा तक्त्यात लांब जाऊन बसलाय, म्हणून तो वेगळा. ‘पुस्तक’चं झालं ‘-पु-स्-त-क’. दुसऱ्या पावलाने पायमोडीनंतरची रेघ निघाली: ‘-पु-स्त-क’. तिसऱ्यांदा प्रत्येक ओळीच्या शेवटी एक रेघ जोडा ($ शोधून जागी - ठेवा), म्हणजे ‘-पु-स्त-क-’. झालं.

बदलामधला $1 यातला आकडा इंग्रजी कळफलकावरचाच हवा. मराठी १ टाइप केला तर तोच छापून येतो. माझ्या अख्ख्या फाइलभर आला होता. पायमोड एकटी टाइप करताना तिच्याखाली ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं, ते दिसू दे. आणि हे सगळं मूळ फाइलच्या प्रतीवर करा.

शोधणे

एका घराची खूण मी अशी लिहिते: [ँ-ॲ]+

चंद्रबिंदूपासून ॲ पर्यंतचं काहीही, एक किंवा जास्त, असा तिचा अर्थ. आडवी रेघ या टप्प्यात येत नाही, त्यामुळे खूण घराच्या भिंतीपाशी थांबते. बस, आता जाळीत जे दिसतं तेच लिहायचं. माझा अडलेला कोपरा असा:

^-[ँ-ॲ]+-ठ-[ँ-ॲ]+-ण-$

सुरुवातीचं ^ म्हणजे ओळीची सुरुवात, शेवटचं $ म्हणजे शेवट. ही दोन विसरलात तर मोठ्या शब्दांच्या पोटातले तुकडेही सापडतील. ‘फाइंड ऑल’ केलं की आठवण, साठवण, पाठवण एकाखाली एक उभे. आता पहिलं घर ज्या उभ्या शब्दाचं, त्याच्यासाठी ^-[ँ-ॲ]+-व-ली-$ असं विचारायचं आणि दोन्ही यादींत पहिलं अक्षर कुठे जुळतं ते बघायचं. सा आणि पा, असे सापडले.

घरात कोणतं व्यंजन आहे ते माहीत, पण काना-मात्रा माहीत नाही, असंही होतं. खासकरून ज्या खेळांत क, का, कि सगळं एकच धरतात तिथे. मग ठ च्या जागी ठ[ँ-ॲ]* लिहा. ठ, ठा, ठी, ठ्या सगळे येतात. शेवट वेलांटीचाच हवा असेल तर शेवटच्या घराला [ँ-ॲ]+ी करा. जोडाक्षर असलेलं घर हवं असेल तर [ँ-ॲ]*्[ँ-ॲ]+ चालतं. हे मला तेव्हा लागतं जेव्हा जाळी फार मऊ, सगळी बिनजोडाक्षरांची होते.

अक्षरांची उलटापालट करून नवा शब्द हवा असेल तर प्रत्येक घरात उपलब्ध अक्षरं मांडायची. वा, र, स यांपासून:

^-(वा|र|स)-(वा|र|स)-(वा|र|स)-$

वारस येतो, सवार येतो, आणि एकच अक्षर दोनदा घेऊन ‘सरस’ही घुसतो. तो डोळ्याने गाळायचा. अशा जोड्या मराठीत मुबलक: गरज-गजर, जहर-हजर, रसद-सदर, कमल-कलम. सूत्र रचताना या जोड्यांसारखं सोनं नाही.

दोन्हीकडून सारखा वाचला जाणारा शब्द हवा असेल तर पहिलं घर कंसात धरायचं आणि शेवटी त्याचीच आठवण करून द्यायची:

^-([ँ-ॲ]+)-[ँ-ॲ]+-\1-$

कनक, नयन, जहाज, समास, नवीन, रबर, मध्यम, वानवा. पाच घरांसाठी दोन कंस लावले तर ‘नवजीवन’ हाती लागतो. गंमत म्हणजे लहानपणापासून पाठ असलेलं ‘चिमा काय कामाची’ या कसोटीला उतरत नाही: सुरुवातीला चि ऱ्हस्व, शेवटी ची दीर्घ. ‘रामाला भाला मारा’ मात्र शंभर टक्के. मी हे भाचीला सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मुद्रितशोधकांना ओळखीची असते.

पाच अक्षरं, सहा प्रयत्न असला खेळ (जॉश वॉर्डलचा वर्डल २०२१ मध्ये सगळ्यांपुढे आला, तसले) मराठीत खेळताना आधी नियम वाचा की एका चौकटीत काय धरलंय: नुसतं व्यंजन की काना-मात्रेसकट अक्षर. नसलेली अक्षरं बाद करायला शोधसूत्राच्या सुरुवातीला ^ नंतर (?!.*क) जोडा, ज्या ओळीत कुठेही क आहे ती वगळली जाते. एखादं अक्षर शब्दात आहे पण जागा माहीत नाही, तर (?=.*र). दोन्ही हवे तितके लागोपाठ लावता येतात.

न दिसणारे उंदीर

दिसायला तोच शब्द, पण शोधल्यावर सापडत नाही, असं झालं की खालच्यांपैकी कोणीतरी फाइलमध्ये शिरलेलं असतं.

‘दऱ्या’मधला र दोन प्रकारे टाइप होतो. एकदा ऱ ही स्वतंत्र कळ आणि पायमोड. दुसऱ्यांदा साधा र, पायमोड आणि मध्ये एक न दिसणारा जोडणारा वर्ण. डोळ्याला दोन्ही सारखेच. पण दुसऱ्या प्रकारात आपलं दुसरं पाऊल फसतं, कारण पायमोड आणि रेघ यांच्यामध्ये तो अदृश्य वर्ण बसलेला असतो, आणि शब्द ‘द’, ‘र्’, ‘या’ असा तीन घरांत फुटतो. म्हणून कापायच्या आधीच असे अदृश्य वर्ण जोडलेले सगळे र् बदलून ऱ् करून घ्या, आणि मग उरलेले अदृश्य वर्ण पुसून टाका. नेमका हाच क्रम ठेवा. आधी पुसले तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होईल, म्हणजे दरीचा समुद्र.

ॲ चंही तसंच. तो एका कळीचाही असतो आणि अ वर चंद्र ठेवूनही होतो. एकच ठेवा, दुसरा बदला.

अनुस्वाराचा प्रश्न टाइप करण्याचा नाही, लेखनाचा आहे. ‘अंत’ आणि ‘अन्त’ दोन्ही बरोबर, पण घरं वेगळी: अं-त, अ-न्त. मी यादीत सगळीकडे बिंदू घेते. तसं करताना एक गोष्ट हातातून जाते हे माहीत असलेलं बरं. ‘वेदान्त’ हे तत्त्वज्ञान, आणि ‘वेदांत’ म्हणजे वेदांमध्ये. नियमांतच हा भेद राखून ठेवलेला आहे. मी एकदा ‘उपनिषदांवर आधारलेलं तत्त्वज्ञान’ असं सूत्र देऊन जाळीत वे-दां-त बसवलं. एका वाचकाने पत्र पाठवलं, फक्त एका ओळीचं: “दर्शन हवं होतं, सप्तमी मिळाली.” त्यानंतर असे शब्द मी एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवते. त्यांना दोन्ही रूपांनी हाताने कापलं आहे आणि जाळीत घालण्याआधी ती फाइल एकदा उघडून बघते.

यादीत सापडला म्हणून शब्द वापरायचा का, हा वेगळा मुद्दा. ‘कार्त्स्न्य’ माझ्या यादीत आहे. दोन घरांच्या अडचणीत तो दर वेळी हसत वर येतो. अजून एकदाही वापरलेला नाही. ज्याचं सूत्र वाचून सोडवणाऱ्याला उत्तर कळल्यावर “अरे हो!” असं वाटणार नाही, तो शब्द जाळीत घालण्यापेक्षा मी काळी चौकट एक घर सरकवते. सरकवल्यावर समोरासमोरची चौकटही सरकवावी लागते, नाहीतर जाळीची सममिती बिघडते, आणि मग दोन शब्द नव्याने शोधावे लागतात. तिथे पुन्हा ^ पासून सुरुवात.